विक्रीचे टक्के बाजूला ठेवा, आधी एका चष्म्यामागे किती सुटतात ते काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीत आठ महिन्यांपूर्वी तुम्ही चष्म्यांचं दुकान काढलंत. वहिनी स्वतः ऑप्टोमेट्रिस्ट आहेत, डोळे त्याच तपासतात. महिन्याला साधारण ८० बिलं होतात, विक्री २ लाख ८० हजारांच्या आसपास येऊन थांबली आहे, गाळ्याचं भाडं ४५ हजार. एका एजन्सीने महिना २० हजारांचं डिजिटल पॅकेज देऊ केलंय, जवळच्या मंडळाने गणपतीच्या कमानीसाठी १५ हजार मागितलेत आणि मेहुणे म्हणतात की विक्रीच्या दहा टक्के रक्कम जाहिरातीला काढायचीच असते. तर नेमके किती काढावेत?

मी नौपाड्यात २२ वर्षं छपाईचं आणि जाहिरातीचं काम करतो. सुरुवात हँडबिलं छापण्यापासून झाली, आता बराचसा वेळ दुकानदारांबरोबर बसून त्यांचे जाहिरातीचे हिशेब मांडण्यात जातो. ‘किती टक्के’ हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक नवा दुकानदार विचारतो. माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या टप्प्यावर टक्क्यांनी सुरुवात करू नका. टक्के कुठे उपयोगी पडतात ते पुढे सांगतो.

दुकानदार जाहिरातीची रक्कम साधारण चार प्रकारे ठरवताना मी पाहिलेत. कोणी विक्रीचा ठरावीक हिस्सा काढतो. कोणी महिनाअखेर गल्ल्यात जे उरेल त्यातून करतो. कोणी शेजारचा करतो म्हणून करतो. आणि थोडे जण आधी विचारतात, की मला नेमकं काय घडवून आणायचंय आणि त्याला किती लागतील. टक्क्यांच्या पद्धतीत एक मोठी गोची आहे. विक्रीवरून जाहिरात ठरवली तर विक्री पडते तेव्हा जाहिरातही कमी होते, म्हणजे गरज असते तेव्हाच हात आखडतो, आणि दिवाळीत गर्दी असते तेव्हा उगाच जास्त पैसे जातात. ‘उरेल त्यातून’ पद्धतीचंही तेच होतं.

आता तुमचे आकडे मांडू. जे तुम्ही दिले नाहीत ते मी अंदाजाने धरतो, तुम्ही तुमचे घाला. ८० बिलं आणि २ लाख ८० हजार, म्हणजे सरासरी बिल साडेतीन हजारांचं. त्यात फ्रेम, काचा, फिटिंग, डबी-कापड धरून तुमचे दीड हजार गेले असं समजू. एका बिलामागे दोन हजार सुटले. ८० बिलांचे १ लाख ६० हजार. त्यातून भाडं ४५ हजार, मदतनीस मुलगा १८ हजार, वीज-मेंटेनन्स-फोन १२ हजार आणि फर्निचर व तपासणी मशीनच्या कर्जाचा हप्ता ३० हजार. झाले १ लाख ५ हजार. घरात येतात ५५ हजार, दोघांच्या कष्टाचे. मेहुण्यांचे दहा टक्के म्हणजे २८ हजार. विक्रीच्या मानाने आकडा छोटा दिसतो, पण घरात येणाऱ्या पैशाच्या मानाने तो निम्मा आहे. म्हणून माझ्यासमोर बसलेल्या माणसाला मी आधी विक्री विचारत नाही, एका गिऱ्हाइकामागे किती सुटतात ते विचारतो.

तो दोन हजारांचा आकडा हातात आला की बाकीचे प्रश्न सोपे होतात. एजन्सीचं पॅकेज २० हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३ हजार ६००. तुमची वर्षाची विक्री साडेतेहतीस लाखांच्या घरात आहे, त्यामुळे जीएसटी नोंदणी नसेल किंवा तुम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या दुकानदारांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत, असाल अशी शक्यता आहे. तसं असेल तर ते ३ हजार ६०० परत मिळत नाहीत, पुरता खर्च धरा. (वर्तमानपत्रातल्या जाहिरातीच्या जागेवर हा कर ५ टक्के आहे, डिजिटलवर १८. दर विचारताना दोन्हीकडे करासकट रक्कम विचारायची सवय लावा.) २३ हजार ६०० ला दोन हजारांनी भागा: जवळजवळ १२ चष्मे. दर महिन्याला, त्या पॅकेजमुळेच आलेली, एरवी आलीच नसती अशी १२ माणसं मिळाली तर तुम्ही जिथे होतात तिथेच राहाल. फायदा तेराव्यापासून सुरू. मंडळाची कमान म्हणजे साडेसात, आठच धरा. आता तुमचं तुम्हालाच विचारा: कमानीवरचं नाव वाचून आठ माणसं चष्मा करायला येतील का?

यावर तुम्ही म्हणाल, गिऱ्हाईक एकदाच थोडं येतं, ते परत येईल, घरच्यांना आणेल. बरोबर, आणि तुमच्या धंद्याची ती मोठी ताकद आहे. चष्मा माणूस दीड-दोन वर्षांनी बदलतो. मुलांचा नंबर भराभर बदलतो. चाळिशीच्या पुढे तर ‘चाळिशी’ लागतेच, आणि तो नंबरही काही वर्षं वाढत राहतो. म्हणजे एका घराची किंमत दोन हजारांपेक्षा बरीच जास्त आहे. पण ती किंमत हातात पडते दोन-तीन वर्षांत, आणि गाळामालकाला भाडं पाच तारखेला लागतं. म्हणून नव्या दुकानाला मी एक मर्यादा सांगतो: पहिल्या बिलात जे सुटतं, त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त एक नवं गिऱ्हाईक आणण्यावर घालवू नका. तुमच्यासाठी हजार रुपये. उरलेल्या हजारावर भाडं आणि पगार निघतात, आणि पुढची दोन वर्षं तुमच्या कामाच्या जोरावर. दुकानाला चार-पाच वर्षं झाली आणि जुनी गिऱ्हाइकं किती परततात हे वहीत दिसायला लागलं, की ही मर्यादा वाढवता येते.

हे सगळं धंद्याप्रमाणे बदलतं, हे मान्य करायलाच हवं. एसी दुरुस्त करणाऱ्याला बोलावणारा माणूस घामाघूम होऊन गूगलवर शोधत असतो, त्याच्यासाठी सर्चमध्ये वर दिसण्याला पैसे देणं बऱ्याचदा परवडतं. क्लासवाल्याचा सगळा खेळ एप्रिल ते जूनमध्ये, वर्षाचा पैसा त्या तीन महिन्यांत ओतावा लागतो. लग्नाचं केटरिंग ओळखीने चालतं. मिठाईच्या दुकानाची निम्मी जाहिरात त्याची जागाच करते. राम मारुती रोडवरच्या कोपऱ्यावरच्या गाळ्याला जास्त भाडं देणारा दुकानदार एका अर्थी जाहिरातीचेच पैसे गाळामालकाला देत असतो. तुमचं दुकान आतल्या बाजूला असेल आणि भाडं त्यामुळे कमी असेल, तर वाचलेल्या भाड्यातला थोडा भाग माणसं आत आणण्यावर खर्च करणं रास्त आहे. समोरच रस्त्यावर असाल, तर ते पैसे तुम्ही आधीच देताय.

किती खर्च करायचा याआधी एक गोष्ट बघा, जी दुकानदार सहसा बघत नाहीत: तुमच्याकडे जागा कधी रिकामी असते? एका माणसाचे डोळे नीट तपासायला वीसेक मिनिटं, मग फ्रेम निवडणं. वहिनी एकट्या. शनिवार-रविवारी संध्याकाळी चार माणसं बाकावर बसलेली असणार, आणि मंगळवारी दुपारी दुकानात तुम्ही दोघं आणि पंखा. जाहिरातीने आणखी सहा माणसं रविवारी सातला आली, तर त्यातली तीन ‘नंतर येतो’ म्हणून जातील आणि परत येणार नाहीत. त्यांना आणायला पैसे गेले ते गेलेच, वर ‘तिथे फार थांबावं लागतं’ असं नाव पडतं. दोन वर्षांपूर्वी वर्तकनगरमधल्या एका फिजिओथेरपी क्लिनिकचा हिशेब बघताना हेच दिसलं. संध्याकाळच्या वेळा भरलेल्या, आणि जाहिरात मात्र सगळ्यांना ‘या’ म्हणत होती. आम्ही मजकूर बदलला: ज्येष्ठांसाठी सकाळी ११ ते १, थांबायला लागणार नाही. खर्च तेवढाच ठेवला. सकाळ भरायला दोन महिने लागले, पण भरली.

तुमच्याकडे दुपारी कोण येऊ शकतं? निवृत्त मंडळी, घरून काम करणारे, मुलं शाळेत असताना मोकळ्या असणाऱ्या आया. त्यांच्यासाठी वेगळा मजकूर लिहा. ‘सर्व प्रकारचे चष्मे योग्य दरात’ हा मजकूर प्रत्येक दुकानाच्या पत्रकावर असतो, त्यामुळे तो कोणी वाचत नाही. ‘मोबाइल हात लांब करून वाचावा लागतोय? मंगळवार ते शुक्रवार दुपारी निवांत तपासणी, अर्धा तास फक्त तुमच्यासाठी’ हे वाचून पंचेचाळिशीतला माणूस हातातल्या मोबाइलकडे बघतो.

आता पल्ला. एजन्सीवाले बहुधा ‘पाच किलोमीटर रेडियस’ म्हणाले असतील. नकाशा उघडा आणि कासारवडवलीभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ काढून बघा. एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. दुसऱ्या बाजूला खाडी, आणि खाडीपलीकडे भिवंडी तालुका. तिथला माणूस तुमची जाहिरात बघेल, पण यायचं झालं तर त्याला कशेळी पुलावरून वळसा घालावा लागेल. तो येणार नाही. वर्तुळातल्या त्या भागाचे पैसे पाण्यात. उरलेल्या पट्ट्यातही घोडबंदर रोड मधोमध आडवा. मेट्रो ४ चं काम सुरू झाल्यापासून माझ्या तिथल्या गिऱ्हाइकांचा एकच अनुभव आहे: पलीकडच्या बाजूचं कुटुंब चष्म्यासाठी रस्ता ओलांडून येत नाही, ते आपल्याच बाजूला गाडी घालतं. तुमचा खरा बाजार म्हणजे तुमच्या बाजूची पंधरा-वीस कॉम्प्लेक्सं, चालत किंवा स्कूटरवर दहा मिनिटांच्या आतली. फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात केलीत तरी पिन तिथेच टाका, घेरा दोन किलोमीटरचा ठेवा.

बाजार एवढा छोटा आहे हे कळलं की खर्चाचा आकडा आपोआप खाली येतो. पंधरा-वीस कॉम्प्लेक्समधल्या माणसांपर्यंत पोचायला महिना २३ हजार लागत नाहीत. आणि त्या कॉम्प्लेक्समध्ये सगळ्यात मोलाचं कोण, तर नुकतं राहायला आलेलं कुटुंब. घोडबंदर पट्ट्यात नव्या टॉवरचे ताबे सतत मिळत असतात. नवीन आलेलं घर पहिल्या दोन-तीन महिन्यांत दूधवाला, इस्त्रीवाला, डॉक्टर, केमिस्ट ठरवतं, आणि एकदा ठरलं की सहसा बदलत नाही. त्या दोन-तीन महिन्यांत तुमचं नाव त्यांच्यासमोर आलं पाहिजे. सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटून क्लब हाउसमध्ये रविवारी सकाळी तीन तास डोळे तपासणीचं शिबिर घ्यायची परवानगी मागा. काही सोसायट्या स्टॉलचे पैसे घेतात, काही ज्येष्ठ नागरिकांसाठी म्हटलं की फुकट देतात. शिबिरात विकू नका. नंबर लिहिलेलं कार्ड द्या, त्यावर दुकानाचा पत्ता आणि दुपारची वेळ. जून महिन्यात, शाळा सुरू होताना, मुलांसाठी असंच करा. वर्गात फळा दिसत नाही हे मुलं आपणहून सांगत नाहीत, त्यामुळे या शिबिराचा पालकांना खरा उपयोग होतो, आणि हे मी जाहिरातवाला म्हणून म्हणत नाही.

पैसे टाकायच्या आधी फुकटातली कामं संपवा. गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलवर आणि त्याच्या नकाशावर दुकानाची माहिती दाखवणारं फुकट पान, भरलंय का? सुट्टीचा दिवस, दुपारची वेळ, आतले फोटो, वहिनी तपासणी करताहेत असा एक फोटो. जवळपासची दुकानं दाखवताना गूगल तीन गोष्टी बघतं असं ते स्वतः सांगतं: शोधणाऱ्याच्या गरजेशी मेळ, अंतर आणि दुकानाची प्रसिद्धी. अंतर तुमच्या हातात नाही, बाकी दोन थोडीफार आहेत. चष्मा घेऊन जाताना खूश असलेल्या माणसाला रिव्ह्यू लिहायला सांगा. मात्र त्याबदल्यात सूट किंवा भेट देऊ नका, गूगलच्या नियमांत ते बसत नाही. व्हॉट्सअॅप बिझनेसवर यादी करा, पण लक्षात ठेवा की एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच मावतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून चष्मा देताना ‘नंबर सेव्ह करा, स्क्रू सैल झाला तर फोटो पाठवा’ असं सांगा. आणि दुकानाचा बोर्ड. संध्याकाळी सातला रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहा आणि आपलंच दुकान शोधा. दिसतंय का? अक्षरं वाचता येताहेत का? २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही देवनागरीत मराठी पाटी सक्तीची आहे, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. बोर्ड करायचाच आहे तर नीट करा, आतून चांगला उजेड द्या. तो खर्च एकदाचा आहे, महिन्याच्या हिशेबात धरू नका.

आता मोजणीचं, कारण याच्याशिवाय वरचं सगळं हवेत आहे. गिऱ्हाइकाला ‘आमच्याकडे कसं येणं झालं?’ हा प्रश्न तुम्ही विचारतच असाल. विचारत राहा, पण उत्तरावर पूर्ण भरवसा ठेवू नका. लोक ‘असंच’ म्हणतात, ‘गूगलवर’ म्हणतात. हँडबिल बघून, मग शेजाऱ्याला विचारून, मग गूगलवर रस्ता शोधून आलेला माणूस शेवटची पायरी सांगतो. तुमच्याकडे याहून पक्कं साधन आहे आणि ते तुम्ही वापरत नाही आहात: ऑर्डर बुक. चष्म्याच्या ऑर्डरवर नाव, फोन आणि पत्ता लिहिलेला असतो. बहुतेक दुकानदारांकडे ही माहिती नसते. पत्त्यावरून कुठल्या कॉम्प्लेक्समधून महिन्याला किती नवी माणसं आली हे तुम्ही मोजू शकता. म्हणजे खरी चाचणी करू शकता: सारखीच वाटणारी आठ कॉम्प्लेक्सं घ्या, चारांमध्ये जाहिरात करा, चारांमध्ये मुद्दाम करू नका, आणि दोन महिन्यांनी ऑर्डर बुकातले पत्ते मोजा. दोन्हीकडून सारखीच माणसं आली असतील तर ती एरवीही आलीच असती.

मोठ्या कंपन्यांनाही हे असंच करून बघावं लागतं. ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या ‘ईबे’ या कंपनीसाठी काम करणाऱ्या अर्थतज्ज्ञांनी २०१२ मध्ये, सर्च इंजिनवर ‘ईबे’ हेच नाव शोधणाऱ्यांना दाखवल्या जाणाऱ्या जाहिराती काही ठिकाणी बंद करून पाहिल्या. जाहिरातीवर क्लिक करून येणारे जवळजवळ सगळे लोक खालच्या फुकट लिंकवरून आलेच. २०१५ मध्ये तो अभ्यास ‘इकोनोमेट्रिका’ या नियतकालिकात छापून आला. तोवर त्या क्लिक कागदावर जाहिरातीचं यश म्हणून मोजल्या जात होत्या. तुमची एजन्सी महिन्याअखेर जो रिपोर्ट देईल त्यात ‘इतक्या जणांनी दुकानाचं नाव शोधून क्लिक केलं’ असं असेल, तर हा प्रयोग आठवा.

हँडबिलांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तो माझा मूळ धंदा आणि त्यात पैसे कसे गळतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पहाटे साडेचार-पावणेपाचला पेपरवाले फुटपाथवर गठ्ठे सोडून बसतात. मुख्य अंक, त्यात पुरवणी, पुरवणीत पत्रक. हात इतके झरझर चालतात की बघत राहावं. एका पेपरात एकच पत्रक असेल तर ते जागेवर बसतं. तीन-तीन असतील तर एक निसटतं, दोन चिकटून जातात, उशीर होत असेल तर उरलेला गठ्ठा तसाच बाजूला राहतो. एकदा एका क्लासची पाच हजार पत्रकं मी छापून दिली होती. सकाळी सातला त्यातला सुतळीही न सोडलेला गठ्ठा मला एका बंद दुकानाच्या पायरीवर सापडला. त्या मुलाला बोलून उपयोग नव्हता, त्याच्या सायकलवर आधीच मणाचं ओझं होतं. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला सांगतो: कमी छापा, एका दिवशी एकाच लाइनवर (पेपर टाकणाऱ्याच्या एका ठरलेल्या फेरीवर) टाका, आणि पहिल्या दिवशी स्वतः तिथे जाऊन उभे राहा. विक्रेत्याला आधी विचारा, त्या दिवशी दुसऱ्या कुणाची पत्रकं आहेत का. असली तर दिवस बदला. तुम्हाला मंगळवारपासूनच्या दुपारची माणसं हवीत, म्हणून सोमवार बरा. आणि प्रत्येक लाइनला पत्रकाचा रंग वेगळा ठेवा. छपाईत फार फरक पडत नाही, काउंटरवर मात्र लगेच कळतं.

एजन्सीला सरळ नाही म्हणा असं मी म्हणत नाही. काही मुलं मनापासून काम करतात. पण तीन गोष्टी लेखी मागा. वीस हजारांतले किती प्रत्यक्ष फेसबुक-गूगलला जाणार आणि किती त्यांची फी? जाहिरातीचं अकाउंट, पेज आणि गूगल प्रोफाइल तुमच्या ईमेलवर असेल का? आणि तीन महिन्यांनी थांबता येईल का? दुसरा मुद्दा हलका घेऊ नका. माझ्या ओळखीच्या एका केकवाल्या ताईंचं पेज त्यांना काम करून देणाऱ्याने स्वतःच्या नावावर उघडलं होतं. वाद झाला आणि चार वर्षांचे फोटो, रिव्ह्यू, मेसेज सगळं त्याच्याकडे राहिलं. त्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागली. पैसे गेले ते परत मिळवता येतात, पण लोकांनी चार वर्षं लिहिलेले शब्द परत कुठून आणायचे?

मंडळाचं वेगळं काढा. वर्गणी आणि जाहिरात या दोन गोष्टी एका खात्यात घालू नका. आपण इथे धंदा करतो, ही मुलं अडीअडचणीला उभी राहतात, गणपती आपलाही असतो. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच एक रक्कम ठरवा: दहीहंडी, गणपती, नवरात्र, पाडव्याची शोभायात्रा, सगळं मिळून इतके. ती वर्गणी म्हणून आनंदाने द्या आणि तिच्याकडून चष्म्यांची अपेक्षा ठेवू नका. १५ हजारांच्या कमानीऐवजी पाच हजार वर्गणी आणि मंडळाच्या मंडपात कार्यकर्त्यांसाठी व ज्येष्ठांसाठी एक सकाळ मोफत तपासणी, असं सुचवून बघा. माझ्या अनुभवात मंडळं याला आनंदाने तयार होतात, त्यांनाही कार्यक्रम हवाच असतो. फक्त विजेच्या खांबांवर, झाडांवर, दुभाजकावर तुमच्या नावाचे फ्लेक्स लावायला कोणी म्हणालं तर मान्य करू नका. विनापरवाना लावलेल्या फलकावर १९९५ च्या विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याखाली कारवाई होऊ शकते, आणि त्यावर नाव-नंबर तुमचाच असतो.

तर मग आकडा. मी तुमच्या जागी असतो तर पुढचे तीन महिने महिना दहा हजार, एकूण तीस, एवढेच बाजूला काढले असते. घरात येणाऱ्या ५५ हजारांतून दहा जाणं जड आहे पण सोसतं, आणि हजाराच्या मर्यादेने महिन्याला दहा नवी माणसं आली की हिशेब जुळतो. दहापैकी साधारण चार हजार महिन्यातल्या दोन सोसायटी शिबिरांवर, कार्ड-स्टँडी-चहापाण्यासकट. तीन हजार पत्रकांवर, फक्त चार कॉम्प्लेक्समध्ये. उरलेले तीन हजार करासकट इन्स्टाग्राम-फेसबुकवर, दोन किलोमीटरच्या घेऱ्यात, दुपारच्या वेळेचा मजकूर घेऊन. या कामाला एजन्सी लागत नाही, मदतनीस मुलगा दोन दिवसांत शिकेल. तीन महिन्यांनी प्रत्येकाचा खर्च त्यातून आलेल्या नव्या माणसांनी भागा. माणशी हजाराच्या आत आलं, तर तिथे पैसे दुप्पट करा आणि पुन्हा मोजा, कारण दुप्पट पैशाला दुप्पट माणसं सहसा येत नाहीत. जवळची माणसं आधी येतात, पुढची महाग पडतात. हजार ते दोन हजारांमध्ये असेल तर मजकूर किंवा वार बदलून बघा. त्याहून जास्त असेल तर बंद.

वर्षभर असं केलंत की तुमच्या दुकानाचा स्वतःचा टक्का तयार होईल, आणि तेव्हा मेहुण्यांची पद्धत कामाला येईल. पुढच्या वर्षाचा अंदाज बांधायला आणि ‘यापलीकडे जायचं नाही’ अशी रेघ ओढायला टक्का चांगला. तो तीन येईल, चार येईल, आज कोणी सांगू शकत नाही.

एजन्सीला आठवडाभर थांबायला सांगा. उद्या दुपारी दुकान रिकामं असेल तेव्हा आठ महिन्यांचं ऑर्डर बुक काढा, एका कोऱ्या कागदावर कॉम्प्लेक्सची नावं एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकासमोर काड्या ओढत जा. परत आलेल्यांना वेगळ्या रंगाची काडी. तासाभराचं काम आहे. पहिली पाच नावं आणि त्यांचे आकडे मला कळवा, म्हणजे पत्रकांसाठी कुठली चार घ्यायची आणि कुठली चार मुद्दाम सोडायची ते आपण मिळून ठरवू.